रिठ्याच्या पाण्यातली कबुतरं

"पंखा बंद करा! अहो, पंखा—"

ओरडणारा ओरडला खरा, पण बाजीराव सोनारांचं बोट तोवर बटणावर पडलं होतं. छताचा जुना पंखा एकदा कुरकुरला आणि मग असा काही फिरला, की सृष्टीच्या तळहातावरच्या रुमालातून रंगांचं एक भिरभिरं उठलं. निळे, हिरवे, पांढरे, राखाडी कण… खसखशीहून बारीक. भर्रकन उडाले आणि—

आणि जाऊन चिकटले ते त्या ओरडणाऱ्याच्याच हाताला.

तो नुकताच पावसातून दुकानात शिरला होता. ऑगस्टमधला लोणावळ्याचा पाऊस, छत्री असली काय आणि नसली काय! बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओलाचिंब, आणि रुमालाला आडोसा करायला तोच हात त्याने पुढे घातलेला. मनगटापासून कोपरापर्यंत आता रंगपंचमी झाली होती.

"हलू नका," सृष्टी म्हणाली.

"नाही हलत."

"श्वाससुद्धा जोरात घेऊ नका."

"हळू घेतो की. तेवढी परवानगी द्या."

बाजीरावांनी पंखा बंद केला आणि चष्मा कपाळावर चढवला. "आता गं बया! आमी आपलं पावण्यांना वारा घातला, तर हितं भलतंच झालं. हा घे चिमटा, ही घे वाटी. येच एकेक."

सृष्टी वेचू लागली. त्याचा हात काउंटरवर, तिचं डोकं त्या हातावर झुकलेलं. एक निळा. एक हिरवा. चिमट्याचं टोक कातडीला लागलं की त्याची बोटं किंचित आखडायची आणि ती दटावायची, "हूं!" मग तो पुन्हा शहाण्यासारखा बसायचा. बाहेर पन्हाळी धो धो वाहत होत्या, आणि आत एका अनोळखी माणसाच्या हातावरचे केस ती इतक्या जवळून बघत होती. हे तिच्या लक्षात आलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

"दुखतंय का?"

"गुदगुल्या होतात… पण तुम्ही चालू ठेवा."

तिने वर पाहिलं. तो हसत होता. ओले केस कपाळावर, आणि डोळे असे की जणू या सगळ्याची त्याला फार मजा वाटत होती.

"हसू नका. माझ्या आईच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

त्याचं हसू लगेच मावळलं. "काय झालं? सांगा ना. मी तसाही इथून हलू शकत नाही."

तर झालं होतं ते असं.

सृष्टीची आई निर्मला, टाकव्याची. तुंगार्लीच्या वाटेवर फ्रेनीबाईंचा बंगला आहे, तिथे ती सृष्टी रांगत होती तेव्हापासून घर सांभाळते. फ्रेनीबाई एकट्या, ऐंशीच्या पुढच्या. कपाटाची किल्ली त्यांनी निर्मलाच्या कमरेला दिलेली, आणि त्या किल्लीचा निर्मलाला कोण अभिमान! शेजारच्या बंगल्यांतल्या बायकांना तसली किल्ली मिळालेली नव्हती. दरवर्षी पारशी नवरोजच्या आधी ती बाईंचं सोनं काढायची आणि आपल्याकडे उजळतात तसंच उजळायची: रिठ्याच्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासून. फक्त साडीला लावायच्या एका पिनेला ती पाणी लावत नसे. पण या पावसाळ्यात चपलांपासून लोणच्यापर्यंत सगळ्याला बुरशी धरलेली. पिनही मलूल दिसली. निर्मलाला वाटलं, बिचारीनेच काय घोडं मारलंय? तिलाही रात्रभर कोमट रिठ्यात ठेवलं… करायला गेली गणपती आणि झाला मारुती. सकाळी पाणी मोरीत ओतता ओतता तिला त्यात रंग चमकताना दिसले. उरलेलं गाळून घेतलं ते हे, रुमालातलं.

"नवरोज शनिवारी आहे," सृष्टी म्हणाली. "त्या दिवशी आंटी ती पिन लावणारच. आई जेवत नाहीये. म्हणते, बाई काय म्हणतील, किल्ली दिली आणि हिने वाट लावली."

तिने पर्समधून पिन काढली. अंड्याच्या आकाराची, दोन बोटं लांब. भोवती सोन्याचे बारीक रवे, मोहरीच्या ओळीसारखे. मधे एक कटोरा आणि त्याच्या काठावर दोन कबुतरं. पहिलं वाकून पाणी पीत होतं. दुसऱ्याला नुसतं पोट आणि शेपूट, मान गायब. कटोऱ्याचीही अर्धी बाजू उघडी, खाली चिकटवण्याचा करडा लेप दिसत होता.

त्याने ती मोकळ्या हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि एकदम उभाच राहिला.

"हलू नका म्हटलं ना!"

"अहो, ही काच आहे! दगड नाही, मीना नाही, काच! काचेचा धागा ओढून, तोडून, एकेक तुकडा उभा रोवलाय. केवढं काम आहे हे… कोणी केलं? कुठलं?"

"इटलीचं. आंटींच्या आजेसासऱ्यांनी आणलं. आंटी सांगतात, तिकडे जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीचे दागिने निघाले, फरशीवरची चित्रं निघाली, आणि मग तिकडच्या सोनारांना जुन्याचं वेडच लागलं. हे कबुतरांचं चित्रही तसंच जुन्या फरशीवरचं. जोडी म्हणजे प्रेम, पाणी म्हणजे… घरातली शांती की काय. लग्नात द्यायचे."

"तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"लहानपणी तापात पडले की आंटी ती पिन बघायला द्यायच्या. हातात नाही, लांबून."

"मी पवन गायकवाड," तो म्हणाला. "सुदुंबऱ्याचा. तळेगावात माझं काचेचं छोटं वर्कशॉप आहे, प्रयोगशाळांची नळकांडी बनवतो. भाचीचे पैंजण दुरुस्तीला आणलेत. हे मी करून बघू?"

"नाव पवन," सृष्टी शेवटचा पांढरा कण उचलत म्हणाली, "आणि वाऱ्यावर ओरडता?"

बाजीराव खो खो हसले. "काम त्यालाच दे, पोरी. आमच्यानं हे होनार न्हाई. आमी सोनं जाणतो, काच न्हाई."

पवनचा हात मोकळा झाला होता. तरी त्याने तो काउंटरवरून बराच वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सृष्टीची साप्ताहिक सुटी होती. हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर ती आठवडाभर "वेलकम सर" म्हणत उभी असायची. सुटीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत लोळायचं, हा तिचा नेम. आज मात्र सकाळीच स्कूटी काढली आणि रेनकोट घालून जुन्या हायवेने कामशेत ओलांडलं. मनात सारखं घोकत होती, आईसाठी चाललेय. आता आईसाठी जाताना कोणी काजळ दोनदा घालतं का, हे तिचं तिला ठाऊक.

पवनचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. आत काचेच्या नळ्या, चंबू, आणि टेबलावर फुरफुरणारी निळी ज्योत. त्याने रात्रीच बसून कण लावायला घेतले होते. कटोरा भरत आला होता.

"झोपला नाहीत?"

"झोप येईना." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "म्हणजे… कामामुळे."

"हो ना. कामामुळेच."

"पण एक अडचण आहे. या दुसऱ्या कबुतराची मान आणि डोकं तुमच्या मोरीतून गेलं. आता ते इंद्रायणीत पोहत असेल. पांढरे कण आहेत, पण मानेला राखी-निळा हवा, अगदी कबुतराचा. बांगडीवाल्यांची सगळी दुकानं पालथी घातली, तो रंग नाही."

बोलता बोलता तो थांबला. त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. दोन्ही हातांत दोन-दोन काचेच्या बांगड्या होत्या, धुक्यातल्या डोंगराच्या रंगाच्या.

"यातली एक…" तो चाचरत म्हणाला. "एकच. मागायला नको, पण—"

सृष्टीने हात पुढे केला. "तुम्हीच काढा. मी काल तुमच्या हाताला इतका वेळ त्रास दिला, आता तुमची पाळी."

त्याने बांगडी काढली. वर्षानुवर्षं ठिसूळ काच हाताळणाऱ्या माणसाला खरं तर हे काय अवघड? पण त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, आणि तिने एकदाही मदत केली नाही.

ज्योतीत बांगडी लाल झाली, मग मऊ, मग थेंबासारखी गोल. त्याने एका टोकाला एक चिमटा लावला, दुसऱ्या टोकाला दुसरा लावून तिच्या हातात दिला.

"आता मागे सरका. हळू… सरळ माझ्याकडे बघत."

"तुमच्याकडे कशाला?"

"खाली बघितलंत तर हात हलेल. बघा इकडे."

ती एक पाऊल मागे गेली. दोघांच्या मधे काचेचा एक धागा उभा राहिला. अजून एक पाऊल. तो आणखी बारीक झाला, केसाइतका, आणि ज्योतीच्या उजेडात निळसर लकाकला. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. सृष्टीला वाटलं, आपली छाती इतकी धडधडतेय, की हा धागा आता थरथरायला लागणार.

"तुटला तर?" ती कुजबुजली.

"गरम आहे तोवर नाही तुटत."

"आणि गार झाल्यावर?"

"गार झाल्यावर आपण त्याचं काहीतरी बनवलेलं असतं."

ती दारापर्यंत मागे पोचली. पाठीवर पावसाचे तुषार आले, तरी तिला पुढे यावंसंही वाटेना आणि धागा सोडावासाही.

मग भांडण झालं. प्रेमात पडणारी माणसं कशावरूनही भांडतात, ही तर कबुतराच्या मानेवरून भांडली. दुसरं कबुतर कुठे बघत होतं? मोबाईलमधल्या फ्रेनीबाईंच्या फोटोंमध्ये पिन म्हणजे नुसता ठिपका. निर्मलाला फोन लावला तर ती म्हणाली, "व्हती ना दोन चिमन्या. आता ती कुटं बगत व्हती ते कुनी बगितलंय?"

"पाणी पीत होतं," सृष्टी ठामपणे म्हणाली. "मला आठवतंय. समोर पाणी असताना ते दुसरं काय करणार?"

"दोघंही खाली मुंडी घालून पाणी पिताहेत? मग जोडीने कशाला आले? ते पहिल्याकडे बघत असणार."

"तुम्ही पाहिलंय का?"

"नाही."

"मी पाहिलंय. पाणी."

"बघतो," पवन म्हणाला. आणि बघतो म्हणणारा मराठी माणूस काय करतो, ते सांगायला नको.

शनिवारी बंगल्याच्या उंबऱ्यावर खडूच्या रांगोळीचे मासे उमटले होते आणि दाराला झेंडूचं तोरण होतं. स्वयंपाकघरात तुपात शेवया, बाईंच्या भाषेत 'शेव', परतल्याचा वास होता. फ्रेनीबाई आत साडी नेसत होत्या, त्यांची सणाची भरतकामाची जांभळी. दहाला पाहुणे यायचे होते, साडेनऊ होऊन गेले होते आणि पवनचा पत्ता नव्हता. सृष्टी खिडकीशी उभी राहून दर मिनिटाला फाटकाकडे बघत होती.

"आई, तो येईल. आपण पिन गुपचूप पेटीत ठेवू. आंटींना कळणारही नाही."

निर्मलाने शेवयांचं पातेलं उतरवलं. डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता. "न्हाई गं. आली तरी सांगनार आन् न्हाई आली तरी सांगनार. किल्ली माज्याजवळ हाय ती बाईंनी इस्वास टाकला म्हनून. लपवून ठेवली तर ती कमरेला टोचत ऱ्हाईल."

तेवढ्यात फाटक वाजलं. पवन धावत आला. अंगावर कोरडा धागा नाही, शर्टाच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डबी. "लोणावळ्याच्या तोंडाशी गाड्यांची ही रांग! सगळी मुंबई भुशी डॅमला आलीये. शेवटचं अंतर पळत आलो…"

सृष्टीने डबी उघडली आणि उजेडाकडे धरली. कटोरा भरलेला, पाणी चमकतंय. आणि दुसरं कबुतर… त्याची राखी-निळी मान वळली होती. ते पाणी पिणाऱ्या कबुतराकडे बघत होतं. टक लावून.

"मी सांगितलं होतं, पाणी पितंय!"

"पीत होतं," पवन धापा टाकत म्हणाला. "मग त्याने वर बघितलं. त्याला मी काय करणार?"

"पवन!"

पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली होती, आणि तीही ओरडून. त्याचा चेहरा असा उजळला, की तिला पुढचं रागवायचं सुचेना.

"कोण आला, निर्मला?" फ्रेनीबाई काठी टेकत दिवाणखान्यात आल्या.

निर्मला पुढे झाली. कमरेची किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली, शेजारी पिन ठेवली. "बाई, माज्याकडून चूक झाली. तुमची पिन मी रिठ्यात टाकली. खडे निगाले. ह्या पोरानं लय कष्टानं बसवले. पोरीचा काय दोष न्हाई. किल्ली हितं ठेवलीय."

फ्रेनीबाईंनी भिंग घेतलं. पिन उचलली, खिडकीपाशी नेली. किती वेळ बघत राहिल्या! आईने साडीचा पदर मुठीत आवळला होता.

"आ कबूतर, हा दुसरा," फ्रेनीबाई हळू म्हणाल्या, "फिरला कसा?"

सृष्टीने पवनकडे पाहिलं.

"माझा कबूतर बाहेर बघत होता. तिकडे, लांब. रुस्तम, माझा नवरा, मला चिडवायचा… पाणी पितो तो मी, आणि बाहेर बघते ती माझी फ्रेनी. हिचं लक्ष नेहमी रस्त्यावर, घरात कधी नाही." त्यांनी भिंग खाली केलं. "कोणी फिरवली ह्याची मान?"

म्हणजे दोघंही चुकले होते! सृष्टीने डोळे मिटून घेतले.

"मी," पवन म्हणाला. "माझी चूक आहे. पहिल्यासारखी फिरवून देतो."

"ते नंतर. पण फिरवली का?"

पवनच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं. मग एकदम मान वर केली.

"बाई, ती इतकी जवळ असताना… कोणी दुसरीकडे कशाला बघेल?"

बोलणं कबुतराबद्दल होतं. बघत मात्र तो सृष्टीकडे होता, सरळ, त्या काचेच्या धाग्याच्या दिवशी बघत होता तसा. सृष्टीचे गाल असे पेटले, की बाहेरचा सगळा पाऊस आत आणला तरी विझले नसते.

फ्रेनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पुन्हा भिंग डोळ्याला लावलं, कबुतराच्या मानेवर धरलं, आणि तिथून सावकाश, अगदी सावकाश, सृष्टीच्या मनगटाकडे वळवलं. डाव्या हातात दोन बांगड्या होत्या. उजव्या हातात एकच.

"निर्मला," त्या म्हणाल्या, "तुझ्या डिकरीची एक बांगडी कुठे गेली ते मला कळला."

निर्मलाने पोरीचा हात धरून पाहिला, पिन पाहिली, मग तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नसावं. "अगं बया… आन् मी म्हनते, बांगडी फुटली कवा!"

"मान पुन्हा बाहेर वळवू?" पवनने बिचकत विचारलं.

"खबरदार!" फ्रेनीबाईंनी काठी आपटली. "इतकी वर्षं रस्त्याकडे बघून दमला बिचारा. रुस्तम गेला तेव्हापासून मी ह्या कबूतरला दर नवरोजला सांगते, एकदा तरी वळून बघायचा होता रे… आता बघतोय, तर बघू दे." मग त्यांनी पिन पदराला लावून घेतली आणि टेबलाकडे बोट केलं. "आणि आ किल्ली इथे कशाला? माझी बोटं दुखतात, कपाट काय कबूतर उघडेल? उचल. आणि ह्या भिजलेल्या पोराला शेव दे."

निर्मलाचा जीव भांड्यात पडला. किल्ली कमरेला गेली आणि स्वयंपाकघरात शेवयांचं पातेलं पुन्हा खणखणलं. तिथूनच तिचा बारीक आवाज आला, "सृष्टे, पोरगं कुटलं म्हनालीस?"

सृष्टी तोवर व्हरांड्यात पळाली होती, कारण पवन कपड्यांतलं पाणी पिळायला बाहेर गेला होता. धुकं इतकं खाली उतरलं होतं, की फाटक दिसत नव्हतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "पाणी पीत नव्हतं."

"मीही चुकलो. माझ्याकडे… म्हणजे त्याच्याकडे बघत नव्हतं."

"आता बघतंय ना?"

"कबूतर?"

सृष्टीने उजव्या हातातली उरलेली बांगडी काढली आणि त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली. "हिचाही धागा काढायचा?"

पवन बांगडीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "एक टोक तुला धरावं लागेल."

तुम्ही-तुम्ही कुठे गेलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"धरीन. पण या वेळी मी मागे सरकणार नाही."

"मग धागा कसा निघणार गं?"

"नाही निघाला तर नाही," ती म्हणाली, आणि एक पाऊल पुढे आली.